काउन्सेलर एमएसडब्ल्यू आहेत, सायकॉलॉजिस्ट नाहीत, मग जावं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही ३६ वर्षांच्या, नाशिकला सातपूरकडे राहता, मिस्टर कंपनीत शिफ्टला, मुलगा सातवीत. दीड वर्षापूर्वी सासऱ्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली, तेव्हापासून ते अंथरुणावर आहेत आणि त्यांचं सगळं तुम्हीच करताय, त्यापायी नोकरी पण सोडलीत. आता रात्री तीनला जाग येते ती परत डोळा लागत नाही, ओट्यापाशी उभं असताना उगाच रडू येतं, आणि एकदा मुलावर हात उचलला गेला ते मनातून जात नाहीये. फॅमिली डॉक्टरांनी एका काउन्सेलर मॅडमचं नाव दिलं, त्या एमएसडब्ल्यू, म्हणजे मास्टर ऑफ सोशल वर्क, आहेत. तर समाजसेविकेकडे मनाचं दुखणं घेऊन जायचं का, त्या चांगल्या आहेत हे ओळखायचं कसं, पहिल्या दिवशी बोलायचं काय, आणि मिस्टर म्हणतात "घरातलं बाहेर सांगून काय होणारे", त्याचं काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी एमएसडब्ल्यू आहे, पुढे सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कमध्ये एम.फिल. केलं आणि बावीस वर्षं हेच काम करतेय, आधी सरकारी हॉस्पिटलच्या मनोविकार ओपीडीत आणि आता स्वतःचं. माझं उत्तर सरळ आहे, जा. तुम्ही जे लिहिलंय त्यात मनाचं दुखणं आणि घराची व्यवस्था ही दोन्ही एकमेकांत इतकी अडकलीयेत की दोन्ही एकत्र धरून बसणारं माणूस तुम्हाला हवंय, आणि समाजकार्य शिकलेल्या माणसाचं शिक्षणच मुळात त्याचं असतं.

पण त्याआधी एक. तुम्ही लिहिलेलं नाही, तरी विचारते, कधी "संपवून टाकावं", "सकाळी उठूच नये" असं मनात येतं का? येत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका. १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. नाहीतर सरळ सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत जा, कुणाला तरी सोबत घेऊन. आणि तसं काही नसेल तरी त्याच फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी ट्वेल्व्ह तपासून घ्या. दीड वर्ष उभ्या उभ्या उरलंसुरलं खाणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन आठवर आलेलं मी कितीदा पाहिलंय, आणि तेव्हा चिडचिड आणि थकवा अर्धा तिथूनच येत असतो.

आता शब्दाचा घोळ. आपल्याकडे समाजसेवक म्हटलं की चौकातल्या फ्लेक्सवरचा माणूस डोळ्यासमोर येतो, नाहीतर वह्यावाटप करणारं एखादं मंडळ. एमएसडब्ल्यू ही गोष्ट पूर्ण वेगळी आहे, ती दोन वर्षांची मास्टर्स डिग्री आहे आणि त्यात वर्गातल्या तासांच्या बरोबरीने आठवड्यातले साधारण दोन दिवस फील्डवर्क असतं, म्हणजे हॉस्पिटल, बालगृह, वस्ती, कोर्ट, पोलिस स्टेशन अशा ठिकाणी जाऊन प्रत्यक्ष लोकांसोबत काम करायचं आणि त्याचा रिपोर्ट लिहून सरांसमोर, मॅडमसमोर तो तपासून घ्यायचा. हे आजकालचं फॅडही नाही. मुंबईत टाटांच्या नावाने समाजकार्याची शाळा १९३६ ला सुरू झाली, तीच आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, आणि जेजे हॉस्पिटलमध्ये १९४६ ला मेडिकल सोशल वर्करची नेमणूक झाली ती देशातली पहिली. म्हणजे पेशंटला गोळी देऊन घरी पाठवलं तरी घरी काय वाढून ठेवलंय हे कुणीतरी बघायला हवं, हे आपल्याकडच्या डॉक्टरांना पंच्याहत्तरहून जास्त वर्षांपूर्वीच कळलेलं होतं.

कोण काय करतं ते पटकन सांगते. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एमडी डॉक्टर, निदान आणि औषध त्यांचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रीय चाचण्या आणि थेरपी करतात. सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर म्हणजे एमएसडब्ल्यूनंतर दोन वर्षांचं एम.फिल. केलेले, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्यांची व्याख्याच तशी दिलीये. आणि नुसतं एमएसडब्ल्यू करून पुढे समुपदेशनाचा अनुभव घेतलेले खूप लोक आहेत, त्यातले कितीतरी उत्तम काम करतात. सोशल वर्कर औषध लिहून देत नाही आणि बुद्ध्यांकाच्या वगैरे चाचण्या करत नाही, कुणी करत असेल तर तिथून उठा.

डिग्रीबद्दल एक गोष्ट मात्र बाहेरच्या माणसाला कळत नाही. एमएसडब्ल्यूला स्पेशलायझेशन असतं. कुणी मेडिकल अँड सायकिअ‍ॅट्रिक घेतं, कुणी फॅमिली अँड चाइल्ड वेल्फेअर, कुणी कम्युनिटी डेव्हलपमेंट, आणि बरेच जण लेबर वेल्फेअर किंवा एचआर घेऊन कंपनीत लागतात. डिग्री सगळ्यांची एकच. आता ज्याने दोन्ही वर्षं फॅक्टरीच्या पर्सोनेल डिपार्टमेंटमध्ये फील्डवर्क केलं त्याने नंतर वेगळं काही न शिकता काउन्सेलिंगची पाटी लावली तर ती मला पटत नाही. म्हणून मॅडमना पहिला प्रश्न हाच, की एमएसडब्ल्यू कशात केलं आणि काउन्सेलिंगचं शिक्षण कुठे घेतलं.

हे विचारणं उद्धटपणा वाटतो ना? नाहीये. काउन्सेलर हा शब्द आपल्याकडे कुणीही नावापुढे लावू शकतं, शनिवार-रविवारचा कोर्स केलेलेही लावतात. २०२१ ला आरोग्य क्षेत्रातल्या इतर व्यावसायिकांसाठी जो केंद्राचा कायदा झाला त्याच्या यादीत मेडिकल आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर आलेत, तरी डॉक्टरांसारखा रजिस्ट्रेशन नंबर पाटीवर बघून खात्री करू असं धरून चालू नका. सध्या तरी खात्री तुम्हालाच प्रश्न विचारून करायचीये.

तर फोन कसा करायचा. दुपारचा करा, दोन मिनिटं बोलता येईल का असं आधी विचारा. मग शिक्षण, किती वर्षं काम करताय आणि कुठे केलं, आजारी माणसाला सांभाळणाऱ्यांसोबत काम केलंय का, फी किती, सेशन किती वेळाचं, आयत्या वेळी बाबांचं काही झालं आणि मला येता आलं नाही तर फी लागते का, आणि औषधाची गरज वाटली तर तुम्ही कुणाकडे पाठवता. अजून एक प्रश्न आहे जो कुणी विचारत नाही आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे "तुम्ही तुमच्या केसेसवर कुणाशी चर्चा करता का?" म्हणजे सुपरव्हिजन. अनुभवी माणसालाही सुपरव्हायझर लागतो. मी आजही महिन्यातून दोनदा माझ्या सीनियरकडे केसेस घेऊन बसते, नाव-गाव न सांगता. जो कुणाकडेच जात नाही तो स्वतःच्या चुका स्वतःच तपासत असतो.

उत्तरांपेक्षाही उत्तर देण्याची पद्धत ऐका. चांगली काउन्सेलर या प्रश्नांनी नाराज होत नाही, उलट सैलावते. "ते तुम्ही या तर खरं, मग बघू" असं घाईने गुंडाळलं, किंवा फोनवरच "अहो, घर म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच" असं सुरू झालं, तर दुसरं नाव शोधा. तीन सेशनमध्ये बरं करते म्हणणारे, दहा सेशनचे पैसे आधी भरा म्हणणारे, पत्रिका मागवणारे, तुम्हाला न विचारता मिस्टरांना फोन लावणारे, आणि "परवाच कॉलेज रोडच्या एक जण आल्या होत्या, त्यांचं पण अस्संच" असं दुसऱ्याचं सांगणारे, हे सगळे टाळा. शेवटच्या प्रकाराला तर मी खरंच घाबरते, कारण आज ती दुसरीचं तुम्हाला सांगतेय.

नाशिक मोठं झालं तरी ओळखी निघतातच. मॅडम तुमच्या नणंदेच्या मैत्रीण निघाल्या, मुलाच्या शाळेत येत असल्या, तर पहिल्याच फोनवर सांगून टाका. त्यांनी स्वतःहूनच दुसरं नाव सुचवायला हवं.

खर्चाचं. खासगीत मी पाहते ती फी एका सेशनला ५०० पासून १५०० पर्यंत असते, मुंबई-पुण्यात त्याच्याही वर जाते. जमत नसेल तर कमी करता येईल का हे विचारायला लाजू नका, आमच्यातले बरेच जण थोड्या जागा कमी फीच्या ठेवतात. आणि तेही नको असेल तर सिव्हिलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते, त्यात सायकिअ‍ॅट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर आणि नर्स अशी पदं आहेत. आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. गर्दी असते, पाऊण तास निवांत मिळेलच असं नाही, पण सोशल वर्करना आधी भेटून "ओपीडी कमी असते तो वार कोणता" विचारलंत तर बरीचशी वेळ काढून देतात, मी पण द्यायचे.

आता तुमचा खरा प्रश्न, की सोशल वर्कर करते तरी काय. एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एक बाई आल्या, चाळिशीच्या, घरी सासूला डिमेन्शिया. पहिल्या भेटीत मी नेहमीसारखा एक कोरा कागद घेतला आणि आम्ही दोघींनी मिळून घरातली माणसं काढली. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, गेलेल्या माणसावर फुली, भांडण असेल तिथे नागमोडी रेघ, कोण कुणाचं काय करतं त्याचे बाण. तीन पिढ्या काढून झाल्या आणि त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, सगळे बाण माझ्याकडूनच सुटलेत, माझ्याकडे एक पण येत नाहीये." त्या मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मी पण नाही.

दुसऱ्या भेटीत आम्ही दिवसाचं घड्याळ काढलं. मोठा गोल, चोवीस भाग, कुठला तास कुणाचा त्याप्रमाणे रंगवायचा. त्यांचा स्वतःचा म्हणून जो वेळ निघाला तो आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं, पिठाच्या गिरणीत दळण होईपर्यंत बाकावर बसायचा. त्यांनी सांगितलं की पूर्वी त्या महिन्याचं दळण एकदम न्यायच्या, आता मुद्दाम थोडं थोडं नेतात. मला हे अजून जसंच्या तसं आठवतं. त्या बाईला कुणी "स्वतःसाठी वेळ काढा" असं सांगायची गरजच नव्हती, तिने तो गव्हाच्या डब्यातून काढलेला होता.

नवीन असताना मी हीच चूक केलीये. माझ्या पहिल्या वर्षी एका बाईला पहिल्याच सेशनमध्ये मी सांगितलं की रोज अर्धा तास चाला, छंद जोपासा. त्या हो हो म्हणाल्या आणि परत आल्या नाहीत. कुठला अर्धा तास, त्या वेळात पेशंटजवळ कोण बसणार, हे मी विचारलंच नव्हतं. माझ्या सुपरव्हायझरने फक्त एवढं विचारलं, "त्यांच्या घरी संडास कुठे आहे, आत की बाहेर?" मला माहीत नव्हतं. अंथरुणावरच्या माणसाला सांभाळणाऱ्या बाईचा अर्धा दिवस त्या उत्तरावर ठरतो.

तर त्या गिरणीवाल्या बाईंच्या कागदावर एक गोल होता, ज्याला एकही रेघ लागलेली नव्हती. गावातच राहणारी नणंद. का येत नाही विचारलं तर म्हणाल्या, तिला आईचं काही पडलेलं नाही. चौथ्या भेटीला नवरा आणि नणंद दोघांना बोलावलं, अर्थात त्यांच्या परवानगीने, आणि नणंद म्हणाली की वहिनी कशाला हात लावू देत नाही, मी आले की म्हणते बस, चहा घे. दोघींचं खरं होतं. त्या दिवशी भांडण मिटलं वगैरे काही नाही, पण शनिवारी दहा ते पाच नणंद आणि त्या वेळात वहिनीने घरात थांबायचं नाही, एवढं ठरलं आणि ते टिकलं. झोप सुधारायला अजून दोन महिने लागले, मध्ये सायकिअ‍ॅट्रिस्टकडे पाठवून थोडे दिवस गोळीही घ्यावी लागली. मी हे सांगतेय कारण लोकांना वाटतं की काउन्सेलर म्हणजे गोड बोलून समजावणारी बाई.

आणि कागदपत्रं. तुमच्या सासऱ्यांचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलंय का? सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सिव्हिलला तपासणी होते, यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, मिळतं. मिस्टर जुन्या करपद्धतीत रिटर्न भरत असतील तर वडील त्यांच्यावर अवलंबून आहेत म्हणून उत्पन्नातून ७५ हजारांची वजावट मिळते, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची. त्या वाचलेल्या पैशातून आठवड्याला दोन दिवस एखादी मावशी ठेवता येते का, हा हिशेब पण काउन्सेलिंगमध्येच येतो आमच्या. पुष्कळांना हे कमी दर्जाचं वाटतं, मला नाही वाटत.

पहिल्या दिवशी काय होतं. नाव-पत्ता, घरात कोण कोण, आजार, औषधं असा एक फॉर्म असतो, मग मॅडम गुप्ततेचं सांगतील आणि सही घेतील. मग बहुतेक विचारतील की आत्ताच का आलात, म्हणजे दीड वर्ष चाललंय तर या महिन्यात काय झालं. तयारी करून जायची गरज नाही. सुचलं नाही तर तीन वाजता जाग येते तिथपासून सुरू करा, त्या वेळी डोक्यात काय चालतं ते सांगा. रडू आलं तर येऊ दे, टेबलावर टिश्यूचा डबा ठेवलेलाच असतो. गप्प बसावंसं वाटलं तर गप्प बसा, चांगली काउन्सेलर ती शांतता घाईने भरून काढत नाही. आणि एखादं सांगायचं नसेल तर "हे आज नको" म्हणा, त्या थांबतील. नाही थांबल्या तर ती खूण लक्षात ठेवा.

मरणाच्या विचारांबद्दल त्या थेट विचारतील. घाबरू नका, विचारल्याने ते विचार येत नाहीत, असतील तर बाहेर पडायला वाट मिळते. पूर्वी कधी काही करून घेतलं असेल तेही सांगा. बायका पोलिस केस होईल म्हणून लपवतात, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ ने असं धरलं जातं की तो माणूस तीव्र ताणाखाली होता, त्याला शिक्षेला उभं करायचं नाही.

गुप्तता म्हणजे काय ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. त्याच कायद्यात कलम २३ आहे, उपचारातली माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्यात दिलाय, आणि कायदा असो नसो, आमच्या व्यवसायाचा तो पायाच आहे. पण त्याला हद्द आहे. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर आम्ही कुणाला तरी कळवतो, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तुमच्या मनात दुसरी भीती असणार, मुलावर हात उचलल्याचं सांगितलं तर काय होईल. एकदा हात उचलला गेला, त्याचं वाईट वाटतंय आणि परत होऊ नये म्हणून मी आलेय, हे सांगितल्यावर कुणी पोलिसांना फोन करत नाही. ते सांगाच. मला विचाराल तर तुमच्या पत्रातलं सगळ्यात धाडसाचं वाक्य तेच होतं. मूल खरंच धोक्यात आहे असं वाटलं तर गोष्ट वेगळी होते, पण तेव्हाही आधी तुमच्याशी बोलूनच पुढचं ठरवायचं असतं.

वही किंवा नोट्स कुठे ठेवता, कोण बघतं, हेही विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री लांबलचक लिहून पाठवू नका, घरातला फोन सगळ्यांच्या हातात असतो.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर कदाचित जास्तच जड वाटेल. इतके दिवस झाकण दाबून ठेवलेलं असतं, ते उघडलं की आधी वाफ येते. तेवढ्यावरून सोडू नका, पण मॅडमना सांगा की मला जास्त त्रास होतोय. चौथ्या भेटीपर्यंत आपण कशावर काम करतोय हे तुम्हाला तुमच्या शब्दांत सांगता यायला हवं, जसं की रात्रीची झोप, मुलावरचा राग, घरातली कामाची वाटणी. ते धूसरच असेल, किंवा दर वेळी बाहेर पडताना आपलंच चुकतंय असं वाटत असेल, किंवा त्या सारखं घड्याळ बघत असतील, तर तोंडावर सांगा. "मॅडम, मला वाटतंय की मला याचा उपयोग होत नाहीये." माझ्यासमोर हे वाक्य कितीदा तरी आलंय, आणि त्यानंतरची सेशन्स बहुतेक वेळा आधीपेक्षा खरी झाली. तरी नाहीच जमलं तर बदला, दुसरं नाव त्यांच्याकडेच मागा. चप्पल पण आपण घालून, चार पावलं चालून घेतो.

इथे वाचणाऱ्या बाकीच्या बायकांसाठी एक, ताई तुम्ही मारहाणीचं काही लिहिलेलं नाही, पण ज्यांच्या घरी ती आहे त्यांनी नवऱ्यासोबत जोडीने काउन्सेलिंगला बसायची घाई करू नका. खोलीत बोललेल्याचा हिशेब घरी जाऊन चुकता केला जातो. आधी एकट्या भेटा. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, नाहीतर पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष असतो तिथे जा, १९८४ ला मुंबईत टिसने पोलिसांसोबत तो सुरू केला, आता राज्यभर ठिकठिकाणी आहे आणि तिथे बसणाऱ्या पण सोशल वर्करच असतात.

राहिले मिस्टर. घरातलं बाहेर सांगून काय होणार, असं ते म्हणतात. मला यात दुष्टपणा दिसत नाही, वडील पडलेत, बायको रडतेय, दोन्हीचं काही करता येत नाही आणि वर कुणी परकं माणूस येऊन आपल्यालाच नावं ठेवेल ही भीती असते पुरुषांना. त्यांच्याशी काउन्सेलिंग चांगलं की वाईट यावर वाद घालू नका, तो तुम्ही आत्ता जिंकणार नाही. त्यांना ठोस काम द्या. "डॉक्टरांनी सांगितलंय, झोपेसाठी जायचंय, सेकंड शिफ्टच्या आठवड्यात बुधवारी साडेअकरा ते एक मी नाही, तेव्हा बाबांजवळ तुम्ही." एवढंच. त्या दीड तासात बाबांना कूस बदलून द्यायची आहे, लघवीचं भांडं कुठे आहे, पाणी चमच्याने पाजायचं आणि पाजताना डोकं उंच, हे कागदावर लिहून फ्रीजवर लावा आणि फोन सायलेंट करून जा. पहिल्या वेळी ते चार फोन करतील. करू दे. ज्या माणसाने तो दीड तास एकट्याने काढला त्याला बायकोच्या दिवसाबद्दल मी सेशनमध्ये बोलून जेवढं कळलं असतं त्याहून जास्त कळतं, हे मी घराघरात पाहिलंय. पुढे मॅडम म्हणतील तेव्हा एखाद्या सेशनला ते येतील पण, आत्ता आग्रह नको. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात मात्र बाबांजवळ बसायला दुसरं माणूस लागेल, ते कोण हे पहिल्याच भेटीत मॅडमसमोर काढा, तिथूनच काम सुरू होईल. कुणीच नसेल तर ते सेशन फोनवर किंवा व्हिडिओवर करता येईल का विचारा, फक्त दार लावून बोलता येईल अशी जागा हवी, गच्ची चालेल.

उद्या दुपारी बाबांचं जेवण आटपून ते जरा पडले की फोन करा. नाही उचलला तर सेशन चालू असेल, मेसेज टाकून ठेवा, एवढाच पुरे: "नमस्कार मॅडम, डॉक्टरांनी तुमचा नंबर दिला. घरी पॅरालिसिसचे पेशंट आहेत, मी सांभाळते, मला झोप लागत नाही. भेटायचं आहे. दुपारी दोन ते तीनमध्ये फोन केलात तर बोलता येईल."